पवित्र दरवाजा बंद झाला, आता आपलं दार





६ जानेवारीला रोममध्ये पोप लिओ चौदावे यांनी संत पेत्राच्या महामंदिराचा पवित्र दरवाजा बंद केला आणि ज्युबिली वर्ष संपलं. तो दरवाजा २४ डिसेंबर २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी उघडला होता, व्हीलचेअरवर बसून. २१ एप्रिलला, पुनरुत्थानाच्या सणाच्या दुसऱ्याच दिवशी, ते आपल्यातून गेले. एका पोपनी उघडलेला दरवाजा दुसऱ्या पोपनी बंद करायचा, असं १७०० सालानंतर पहिल्यांदाच घडलं. 'आशेचे यात्रेकरू' हे या वर्षाचं ब्रीदवाक्य होतं. धर्मप्रांतांमध्ये त्याची सांगता २८ डिसेंबरच्या रविवारी झाली.

त्या रविवारी मिस्सा संपल्यावर आम्ही चार-पाच जण चर्चच्या आवारात बोलत उभे होतो. आमच्यातले एक जण म्हणाले, "आशेचं वर्ष संपलं. चला, आता परत काळजीचं वर्ष!" सगळे हसले, मीही हसलो. पण घरी येईपर्यंत ते वाक्य काही डोक्यातून जाईना. कारण बोलणाऱ्याचा मुलगा ज्या कंपनीत आहे तिथे ओव्हरटाईम बंद झालाय, आणि ठेकेदाराने आठवड्यातले दोन दिवस घरी बसायला सांगितलंय. आशा म्हणजे नेमकं काय, आणि सिल्वासात राहणाऱ्या आपल्यासारख्या मूठभर ख्रिस्ती लोकांनी या दिवसांत तिचं करायचं काय, हा प्रश्न मला तेव्हापासून सुटत नाही. म्हणून हे पत्र. थोडं लांब झालंय, त्याबद्दल माफी असावी.

मी मूळचा वसईचा. करसवलतींमुळे इथे एकामागून एक कारखाने उघडत होते, त्या काळात नोकरीसाठी आलो. स्टोअरमध्ये चिकटलो आणि तिथूनच निवृत्त झालो. सामरवरणी, आमली, मसाट, पिपरिया, रखोली हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत शेताचं कारखाना झालेलं आहे. त्यामुळे कंपनीच्या गेटवर काय चाललंय, हे आजही चहाच्या टपरीवर पाच मिनिटं उभं राहिलं की समजतं.

आधी परिस्थिती काय आहे ते नीट पाहू. २०२५ च्या ऑगस्टच्या २७ तारखेपासून अमेरिकेने भारतातून जाणाऱ्या बहुतेक मालावर ५० टक्के आयातकर लावला होता. सिल्वासाचा धागा थेट अमेरिकेला जातो असं नाही. पण त्या धाग्याचं कापड होतं, कापडाचे कपडे होतात, आणि कपड्यांची ऑर्डर थांबली की शेवटी इथलं मशीन थांबतं. २२ सप्टेंबरपासून कृत्रिम धाग्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याने थोडा श्वास मिळाला. मालकाला मिळाला, हेही म्हणायला हवं. ठेकेदाराकडच्या माणसापर्यंत तो पोचायला वेळ लागतो, आणि मंदी मात्र त्याच्यापर्यंत सगळ्यात आधी पोचते.

२१ नोव्हेंबरपासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. २९ जुने कायदे त्यात सामावले गेले. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र मिळालं पाहिजे, ठरावीक मुदतीवर घेतलेल्या कामगाराला एक वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे, अशा गोष्टी त्यात आहेत. कामावरून कमी करणं मालकाला सोपं होईल, अशी भीती कामगार संघटनांनी व्यक्त केली आहे. दोन्ही बाजूंत तथ्य असेल. पण चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत चौघांनी राहणाऱ्या पोरांना यातलं काहीच ठाऊक नाही. त्यांना एवढंच कळलंय की काहीतरी बदललंय.

त्यातच उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान, पश्चिम बंगाल, गुजरात अशा १२ राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत नोव्हेंबरपासून मतदारयाद्यांची सखोल फेरतपासणी सुरू झाली. त्या यादीत आपला प्रदेश नाही, पण आपल्या चाळींत राहणाऱ्या कितीतरी लोकांची गावं त्यात आहेत. "काकाजी, मेरा नाम कट तो नहीं जाएगा?" हे मला दोन महिन्यांत निदान पाच जणांनी विचारलं. सुट्टी घेऊन गावी जावं तर नोकरी जायची भीती, न जावं तर नाव जायची भीती.

ही झाली शेजाऱ्यांची अनिश्चितता. आता आपली.

गेल्या २५ जुलैला छत्तीसगडमधल्या दुर्ग स्टेशनवर केरळच्या दोन धर्मभगिनींना आणि एका तरुणाला अटक झाली. नारायणपूरच्या तीन तरुणी त्यांच्यासोबत नोकरीसाठी निघाल्या होत्या. आरोप धर्मांतराचा आणि मानवी तस्करीचा. आम्ही आमच्या मर्जीने चाललोय, असं त्या तरुणींनी सांगितल्याचं नंतर वर्तमानपत्रांत आलं. २ ऑगस्टला, म्हणजे नेमका आपल्या मुक्तिदिनी, बिलासपूरच्या न्यायालयाने त्यांना जामीन दिला. खटल्याचं काय व्हायचं ते न्यायालयात होईल. पण त्या नऊ दिवसांत आपल्या घराघरांत काय झालं, ते मी पाहिलंय. "आता कशाला कुणाला मदत करायला जायचं?" असं म्हणणारे बरेच निघाले. आमच्या घरातही हे वाक्य उच्चारलं गेलं. कुणी उच्चारलं ते सांगत नाही, घरात भांडण नको.

२०११ च्या जनगणनेत दादरा आणि नगर हवेलीची लोकसंख्या ३,४३,७०९ होती. त्यात ख्रिस्ती दीड टक्क्याच्या आसपास, म्हणजे पाच हजारांच्या जवळपास. त्यातही कुणी गोव्याचं, कुणी दमणचं, कुणी वसईचं, कुणी केरळचं, कुणी झारखंड-ओडिशाचं, आणि कुणी इथल्याच मातीतलं आदिवासी. एवढ्याशा समाजाला भीती वाटली तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. प्रश्न एवढाच की भीती वाटल्यावर माणूस काय करतो.

एक प्रसंग सांगतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या मागच्या चाळीतल्या एका मुलाचा हात मशीनमध्ये आला. वय असेल बावीस-तेवीस, उत्तर प्रदेशचा. दोन बोटं गेली. ठेकेदाराने दवाखान्यात नेलं, पट्टी केली, दोन हजार रुपये हातावर ठेवले आणि "घरी आराम कर" म्हणून सोडून दिलं. आमच्या इथल्या एका तरुणाला हे समजलं. तो मिस्साला नियमित येतो आणि हिशेबाचं काम करतो. त्याने त्या मुलाची पगाराची चिठ्ठी मागून घेतली. त्यात ईएसआयसीची कपात दिसत होती. म्हणजे मुलाच्या पगारातून दर महिन्याला पाऊण टक्का जात होता, मालकाकडून सव्वातीन टक्के जात होते, आणि आपला विमा आहे हेच मुलाला माहीत नव्हतं! कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळण्याचा त्याचा हक्क होता, तोही कामाच्या पहिल्या दिवसापासून. अडलं होतं ते फक्त एका नंबरासाठी, जो त्याला कुणी सांगितलाच नव्हता.

नंबर शोधायला, अपघाताची नोंद करून घ्यायला, फेऱ्या मारायला तीन आठवडे लागले. मी म्हातारा माणूस, मोकळा आहे, म्हणून सोबत जायचो. एके दिवशी चाळीच्या तोंडाशी एका गृहस्थांनी आम्हाला अडवलं. ओळखीचेच, रोज दिसणारे. म्हणाले, "मामला क्या है? इसको ईसाई बनाना है क्या?"

खरं सांगतो, माझा पारा चढला. आयुष्यभर या गावात राहिलो, आणि हे ऐकायचं? तोंडावर आलेलं उत्तर चांगलं नव्हतं. पण त्या तरुणाने माझ्या आधीच शांतपणे सांगितलं, "नहीं भैया, इसका क्लेम निकालना है. आप भी चलिए ना." आणि ते गृहस्थ खरंच आले! आधी संशयाने आले असतील. रांगेत दोन तास बसल्यावर कळलं की त्यांच्याही बायकोच्या बाळंतपणाचे पैसे अडकलेत. मग आम्ही तिघं त्याही खिडकीवर गेलो. आता ते रस्त्यात दिसले की हात वर करतात. ते बदलले वगैरे मी म्हणणार नाही. मी त्यांच्या डोक्यात शिरलेलो नाही. पण त्या दिवसानंतर त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारलेला नाही, कारण काय चाललंय ते त्यांनी स्वतः पाहिलं होतं.

या प्रसंगावर मी बराच विचार केला. आपण दोन चुका करू शकतो. एक म्हणजे घाबरून हात आखडता घेणं. दुसरी म्हणजे चिडून, "आम्ही किती सेवा करतो, आणि तुम्ही संशय घेता" असा हिशेब मांडणं. दोन्हींत मधल्या मध्ये राहतो तो दोन बोटं गेलेला मुलगा.

कायदा काय म्हणतो तेही समजून घेऊ, कारण अर्धी भीती न वाचल्यामुळे असते. घटनेच्या कलम २५ ने आपल्याला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. १९७७ साली रेव्ह. स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. शेजारच्या गुजरातेत २००३ चा कायदा आहे, २०२१ मध्ये तो कडक झाला. राजस्थानने गेल्या सप्टेंबरमध्ये नवा कायदा केला. या सगळ्या कायद्यांत बळजबरी, फसवणूक आणि आमिष हे शब्द आहेत. 'आमिष' हा शब्द फार ताणला जातो, ही आपली तक्रार रास्त आहे, आणि ती सनदशीर मार्गाने मांडत राहिलं पाहिजे. पण जखमी माणसाला त्याच्या हक्काचा विमा मिळवून देणं हे कुठल्याच कायद्याने गुन्हा नाही. भुकेल्याला जेवू घालणं हाही गुन्हा नाही.

आणि थोडं आपल्याकडेही बघू या का? आपली मदत पुष्कळदा आपल्याच माणसांपुरती असते. नाताळात ब्लँकेटं वाटताना फोटो आधी आणि ब्लँकेट नंतर, असंही होतं. कधी कधी मदत घ्यायला आलेल्याला आधी प्रार्थनेला बसवलं जातं. देणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, पण घेणाऱ्याला नाही म्हणायची सोय राहत नाही. भल्या शमरोन्याच्या दाखल्यात जखमी माणसाचा धर्म कोणता, गाव कोणतं, हे प्रभूने सांगितलेलंच नाही. शमरोन्याने त्याला काही विचारलं नाही. तेल-द्राक्षारस लावला, आपल्या जनावरावर घातला, उतारशाळेत नेला, पैसे भरले आणि पुढच्या कामाला गेला. पुन्हा येताना उरलेला हिशेब देईन म्हणाला, तो उतारशाळेच्या मालकाला. जखमीच्या नावावर काहीच मांडून ठेवलं नाही.

हा प्रश्न मराठी ख्रिस्ती माणसाला नवा नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढल्या वर्षी ते पुण्याला नेलं. विधवांसाठी शाळा. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे मोठे लोक सल्लागार होते. रमाबाई स्वतः ख्रिस्ती, पण शाळेत धर्म शिकवायचा नाही असं ठरलेलं. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार उघडं असे. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. त्यावरून वादळ उठलं, 'केसरी'ने टीकेची झोड उठवली, १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. कोण किती बरोबर होतं, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. रानडे-भांडारकरांना विश्वास मोडल्यासारखं वाटलं, हेही समजण्यासारखं आहे. रमाबाईंनी प्रार्थनेपुरतं दार लावून घ्यावं, म्हणजे प्रश्न मिटेल, असं आज कुणी सहज म्हणेल. त्यांनी ते लावलं नाही.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं. तीनच वर्षांनी, १८९६-९७ मध्ये मोठा दुष्काळ पडला. मुंबई-पुण्यात प्लेगही आला. एवढी बदनामी झालेल्या बाईने घरी बसायचं कारण होतं. त्या मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुलींना गोळा केलं आणि केडगावला आणलं. तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या. ज्यांच्यासाठी दार उघडलं त्यांना, लोक काय म्हणतील याची वाट बघत बसायला वेळ नव्हता.

आपल्या स्वतःच्या भूमीचा इतिहासही आठवावा. २१ जुलै १९५४ च्या रात्री युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सच्या कार्यकर्त्यांनी दादरा मुक्त केलं. त्यांचे नेते होते फ्रान्सिस मस्कारेन्हस. त्या रात्री चौकीवर मारला गेलेला पोर्तुगीज पोलीस अधिकारी अनिसेतो रोझारिओ, नावावरून पाहता तोही आपल्यातलाच. २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झालं. त्यानंतर पुढची सात वर्षं हा प्रदेश धड पोर्तुगालचा नव्हता, धड भारतीय संघराज्यात नव्हता. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं, निकाल १२ एप्रिल १९६० ला लागला, आणि ११ ऑगस्ट १९६१ ला आपण भारतात रीतसर सामील झालो. मधल्या काळात वरिष्ठ पंचायतीने कारभार हाकला. उद्या आपण कुठल्या देशात असू हे ठाऊक नसताना इथल्या लोकांनी भात लावला, मुलांची लग्नं केली, बाप्तिस्मे केले. याहून मोठी अनिश्चितता ती कोणती? "तुम्ही बाहेरचे" असं कुणी म्हटलं तर रागावू नका, मस्कारेन्हसांचं नाव तेवढं सांगा.

जुन्या करारात यिर्मया संदेष्ट्याची एक गोष्ट आहे, ती मला या वर्षात फार जवळची वाटली. यरुशलेमला शत्रूचा वेढा पडलाय. शहर पडणार हे यिर्मयालाच सगळ्यांत पक्कं ठाऊक, तेच सांगितलं म्हणून तो कैदेत आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ येतो आणि म्हणतो, अनाथोथचं माझं शेत विकत घे. शत्रूच्या ताब्यात चाललेल्या जमिनीला कोण पैसे देईल? यिर्मया १७ शेकेल रुपं तोलून देतो. साक्षीदार बोलावतो, खरेदीखत करतो आणि ते कागद मातीच्या मडक्यात जपून ठेवायला सांगतो, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. या देशात पुन्हा घरं आणि शेतं विकत घेतली जातील, असं देवाने त्याला सांगितलेलं असतं.

आशा म्हणजे हे. सगळं ठीक होईल असं वाटणं म्हणजे आशा नव्हे, तसं यिर्मयाला वाटतही नव्हतं. काही ठीक दिसत नसताना उद्याच्या माणसासाठी आज व्यवहार करणं, कागद नीट करणं, आणि ते जपून ठेवणं, ही आशा. त्या अर्थी पगाराच्या चिठ्ठीवरचा नंबर शोधणारा आमचा तो तरुण या ज्युबिली वर्षातला खरा यात्रेकरू. रोमला तो गेला नाही, ईएसआयसीच्या खिडकीपर्यंत गेला.

पोप लिओ यांचं पहिलं मोठं पत्र 'दिलेक्सी ते' गेल्या ९ ऑक्टोबरला प्रसिद्ध झालं. पोप फ्रान्सिस यांनी ते लिहायला घेतलं होतं, यांनी पुरं केलं. विषय एकच, गरिबांवरचं प्रेम. ज्यांना वाचता येईल त्यांनी जरूर वाचावं. दानधर्म करा असं ते सांगतं, पण गरिबाला चांगलं काम मिळवून देणं ही त्याहून मोठी मदत, हेही सांगतं. कारखान्यांच्या गावाला याहून नेमका संदेश तो कोणता?

एक गोष्ट राहिली, आणि ती मला शिकायला सगळ्यात जड गेली. आपण देणारे आणि शेजारी घेणारे, अशी आपली समजूत असते. २०२० च्या टाळेबंदीनंतर आमच्या घरात सगळेच आजारी पडलो. दारावर कागद चिकटवला गेला. लोक जिन्यातून जाताना भिंतीला घासून जायचे. तेव्हा समोरच्या गुजराती बेन रोज दुपारी दाराबाहेर डबा ठेवायच्या आणि बेल वाजवून मागे सरायच्या. चौदा दिवस. खिचडी, कढी, कधी थेपले. दुसऱ्या आठवड्यात मी दारातूनच म्हणालो, "बेन, आता पुरे. किती करणार?" त्या म्हणाल्या, "भाई, तुम्हारे घर में चाय पी के हमारे बच्चे बड़े हुए. चुपचाप खाओ." मला तेव्हा थोडं कानकोंडं झालं. घेताना माणूस लहान होतो असं आपल्याला वाटतं. पण घ्यायला शिकल्याशिवाय बरोबरीने देता येत नाही. ज्याने कधी शेजाऱ्याचा डबा खाल्ला नाही, त्याने दिलेल्या डब्याकडे लोक संशयाने बघणारच.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आज हवे होते असं वाटतं. २५ जुलै २०२४ ला ते गेले. हरित वसईच्या लढ्यात ते ख्रिस्ती लोकांसाठी लढले नाहीत, वसईच्या पाण्यासाठी आणि झाडांसाठी लढले, आणि त्यांच्यासोबत सगळ्या धर्मांचे लोक होते. २०२० सालच्या उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली तेव्हा काहींनी विरोध केला. फादर आजारी असूनही गेले, आणि मराठीत, आपल्या माणसांशी बोलावं तसे बोलले. विरोधाला उत्तर द्यायची ही एक रीत आहे. जे सगळ्यांचं आहे त्यात सगळ्यांबरोबर उभं राहायचं.

म्हणून माझ्या चार साध्या सूचना. फादरांना आणि आपल्या मंडळींना मी त्या बोललोच आहे, इथे शेजाऱ्यांसाठीही लिहितो.

पहिली, आठवड्यातून एक संध्याकाळ कागदांसाठी ठेवू. नेमणूकपत्र, पगाराची चिठ्ठी, ईएसआयसी आणि पीएफचा नंबर, ई-श्रम कार्ड, मतदारयादीतलं नाव. आपल्यात निवृत्त शिक्षक आहेत, हिशेबाची कामं केलेले आहेत, मोबाइलवर सगळं काढून देणारी मुलं आहेत. पैशांची गरज फारशी नाही, टेबल, दोन खुर्च्या आणि चष्मा लागेल.

दुसरी, हे एकट्याने करायचं नाही. सोसायटीतले, चाळीतले, गावातले शेजारी सोबत घ्यायचे, आणि शक्य तर जागाही त्यांच्याच अंगणातली. जो विचारेल "काय चाललंय?" त्याला सांगायचं, "या, बसा, तुम्हीच बघा." वारली, कोकणा, धोडिया घरांतल्या शिकलेल्या मुली या कामात आपल्यापेक्षा पुढे जातील, त्यांना पुढे करायचं.

तिसरी, पैसे जमा झाले तर हिशेब फळ्यावर. किती आले, कुठे गेले, सगळ्यांना वाचता येईल असा. घेणाऱ्याचं नाव नको, फोटो तर मुळीच नको.

चौथी, मदतीच्या जागी प्रार्थनेची अट नको. आपली प्रार्थना आपण करूच, दार उघडं ठेवून करू, लपवण्यासारखं त्यात काही नाही. पण ज्याला फक्त फॉर्म भरून हवाय त्याला फॉर्म भरून द्यायचा आणि चहा द्यायचा. कुणी विचारलं, "तुम्ही हे का करता?" तर खरं उत्तर द्यायला लाजायचं नाही. प्रभू येशूने आमच्यासाठी आधी केलं, म्हणून. एवढं पुरे आहे.

याने अमेरिकेचा आयातकर कमी होणार नाही. कुठे कुणावर खोटा आरोप व्हायचा थांबेल असंही नाही. आमच्या त्या मुलाची बोटंही परत येणार नाहीत. क्लेमचे पैसे मात्र आले. तो गावी जाऊन आला, मतदारयादीचा फॉर्म भरून आला, आणि आता दुसऱ्या कंपनीत पॅकिंगला लागलाय. परवा येऊन सांगून गेला की त्याच्या खोलीतल्या दुसऱ्या एका मुलाचाही नंबर सापडत नाहीये. "कब आऊं, काकाजी?"

मी म्हटलं, शुक्रवारी ये, सहानंतर. दार उघडंच असतं.

आपला नम्र,
एक वाचक,
सामरवरणी, सिल्वासा